दोरीपलीकडची जागा

एनिफा दगड फोडायची. नामलेंगाच्या उतारावरच्या निम्म्या बायका तेच करायच्या. बुडाखाली जुनं टायर, डाव्या हातात रबराचं कडं, कड्यात दगड, उजव्या हातात हातोडा. पूर्वी दगड वरच्या खाणीतून डोक्यावर वाहून आणावे लागत. चक्रीवादळानंतर ते कष्ट उरले नाहीत, डोंगरच खाली आला होता. ज्या धोंड्यांनी घरं चिरडली त्यांचीच खडी करून खालच्या ब्लान्टायर शहरातल्या बांधकामांना विकायची, असा तो धंदा. त्यावर कुणी काही बोलत नसे.

वादळाच्या त्या मार्च महिन्यात पावसानं दिवस-रात्र एक केली होती. एका सकाळी चुलीला कोरडा कोळसा उरला नाही म्हणून एनिफा खाली पिठाच्या गिरणीपाशी गेली. यान्खो, तिची एकुलती एक पोर, अजून झोपलेली होती. तिला उठवून भिजवत कशाला न्यायची? एनिफानं कमरेला गुंडाळलेलं आपलं कापड, चितेन्जे, सोडून तिच्या अंगावर पांघरलं आणि दाराला बाहेरून कडी लावली. कोळसा घेऊन वर आली तेव्हा कडी नव्हती, दार नव्हतं, घर नव्हतं. लाल चिखल होता, आणि चिखलात हत्तीएवढे धोंडे.

सैनिक आले, माणसं हुंगून शोधणारे परदेशी कुत्रे आले. बरीच माणसं सापडली. यान्खो सापडली नाही. मग कुत्रे गाडीत बसून निघून गेले. नवरा परदेशात, जोबर्गला कामाला होता. तो फोनवर रडला, मग त्याचे फोन विरळ झाले, मग बंदच पडले. चिखल वाळून खणखणीत झाला. त्या तिरक्या वस्तीत एवढी मोठी सपाट जागा कधी कुणी पाहिली नव्हती. एनिफा रोज तिच्या कडेला बसून दगड फोडायची. ऊन असो, वारा असो, तिची बसायची जागा बदलायची नाही.

तिथून तिला पोरांचा खेळ दिसायचा. पोरं खेळायची खालच्या ओढ्यात, फुटक्या पत्र्यांत नि काचांत. एकानं आडवं पडायचं, बाकीच्यांनी त्याच्यावर वाळू लोटायची, दोघांनी कुत्रं होऊन भुंकत हुंगत यायचं. एकजण सैनिक. त्यानं मूठ वर केली की सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं, श्वाससुद्धा हळू घ्यायचा, खालून आवाज येतो का ऐकायला. मग "सापडली! सापडली!" असा गलका. मोठी माणसं तो खेळ दिसला की तोंड फिरवायची. एनिफा मात्र हातोडा थांबवून बघत राहायची.

ऑक्टोबरात, तिकडच्या उन्हाळ्यात आंब्याला कैऱ्या धरल्या तेव्हा तावोंगा आली. मुलांसाठी खेळायच्या जागा बांधणाऱ्या एका संस्थेची ती देखरेखीची बाई. वय फार नव्हतं, पण चालणं फौजदारासारखं. ओढ्यात एका पोराचा पाय पत्र्यानं कापून धनुर्वात झाला होता, त्या बातमीवरून ती आली होती. मफुमु चिलिंडा, म्हणजे वस्तीचे मुखिया, यांनी आपल्या अंगणातल्या आंब्याखाली सगळ्यांना बोलावलं.

"झोपाळे, घसरगुंडी, चढायला टायरांची भिंत, खाली मऊ वाळू," तावोंगा सांगत होती. "पडलं तरी हाडं मोडणार नाहीत. जागा ती वरची सपाट."

तिच्या चिचेवा भाषेतले उत्तरेकडचे हेल ऐकून मागच्या बायका फिदीफिदी हसल्या. "म्झुझूची म्हैस चिचेवा बोलतेय," एकजण पुटपुटली.

"म्हैस म्हणा हवं तर, पण दूध तुमच्याच पोरांना घालायला आलेय," तावोंगा म्हणाली, आणि हसणाऱ्या आणखी मोठ्यानं हसल्या.

एनिफा उठून उभी राहिली तेव्हा हसणं बंद झालं.

"त्या जागेत माझी पोर झोपलीय. तिच्या छातीवर झोपाळे बांधणार तुम्ही?"

मफुमुंनी काठीनं जमिनीवर रेघा ओढल्या. अखेर अगोगो, म्हणजे आजी, फेलिस्टा बोलली. ही एनिफाची जुनी शेजारीण, म्हातारी. वादळात तिची लेक-जावई दोघं गेली आणि डालो नावाची नात तेवढी मागं राहिली.

"यान्खोच्या आई, माझी लेक सापडली म्हणून मला तुझ्यापेक्षा कमी दुखतं असं नाही. पण माझी डालो त्या काचांत खेळते. जिवंत आहे तिला तरी बरी जागा नको का?"

एनिफा खाली बसली. तावोंगा हलक्या आवाजात पुढचं सांगू लागली. घाईघाईत काही होणार नाही. आधी जागा साफ करायची, धोंडे काढायचे. खांबांसाठी कमरेएवढे खड्डे. पाणी वाहून जायला चर. पुष्कळ खोदाई आहे, माणसं लागतील.

"खोदाई?" एनिफानं मान वर केली.

"हो, अमायी," तावोंगा म्हणाली, मोठ्या बाईला आई म्हणावं तसं. "अख्खी जागा."

"मग करा," एनिफा म्हणाली. "मी पण येते कामाला."

मफुमुंना हायसं वाटलं. बायकांनी तिच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. फेलिस्टा तेवढी तिच्याकडे टक लावून पाहत राहिली. या बाईला ती बाराखडीसारखी ओळखत होती, आणि एवढ्यात विरघळणारी ही बाई नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

काम सुरू झालं. एनिफाच्या कुदळीपुढं गडीमाणसं मागं पडू लागली. तावोंगा खडूनं खांबाच्या जागा आखायची आणि एनिफा त्या आखणीत उतरायची. खड्डा कमरेएवढा झाला तरी तिची कुदळ थांबायची नाही.

"बास, अमायी," तावोंगा काठावरून म्हणायची. "खांब रोवायचाय, विहीर नाही खणायची."

"थोडंसं. खालची माती भुसभुशीत वाटतेय."

माती दगडासारखी टणक असायची. तावोंगा जादा खोली खडीनं भरून घ्यायची. वर आलेली प्रत्येक पाटी एनिफा ओतण्याआधी बोटांनी चाळायची. कपाचा कान निघाला, कुणाची तरी चप्पल निघाली. प्रत्येक वेळी ती वस्तू उजेडात धरून निरखायची आणि बाजूला ठेवायची.

मग एका खड्ड्यात हाडं लागली. खणणारा गडी ओरडून बाहेर उडी मारून पळाला. एनिफा त्याच्या जागी आत उतरली. गुडघ्यांवर बसून तिनं हातानं माती बाजूला केली. आधी एक पट्टा दिसला, पितळी बक्कलाचा. मग मोठ्या माणसाच्या मांडीचं हाड. बक्कलावरून ओळख पटली, चपला शिवणारा स्लेमानी होता तो. एनिफा तिथंच बसून राहिली. आपल्याला वाईट वाटतंय की सुटल्यासारखं वाटतंय, हे तिचं तिलाच कळेना, आणि त्याची तिला शरम वाटली.

स्लेमानीला रीतसर माती दिली. पण दुसऱ्या दिवशी कामावर निम्मीच माणसं आली. कब्रस्तानात पोरं खेळवायची का, असं वस्तीत उघड बोललं जाऊ लागलं. मफुमुंनी तावोंगाला बोलावून काम थांबवायला सांगितलं.

"थांबवू नका!" कुंपणापलीकडून एनिफा ओरडली. ती न बोलावता आली होती. "मफुमु, तुमच्या पाया पडते. स्लेमानीला कबर मिळाली ती खोदलं म्हणूनच ना? अजून किती जण आत असतील. खोदू द्या."

ज्यांची माणसं सापडली नव्हती ती सगळी घरं मफुमुंच्या डोळ्यांपुढं उभी राहिली असावीत. "खोदा," ते म्हणाले. "पण पाऊस यायच्या आत उरका."

परतताना तावोंगानं एनिफाला वाटेत गाठलं. "अमायी, तुम्हाला झोपाळा नकोय. तुम्हाला खड्डा हवाय."

एनिफा चालत राहिली.

"मी तुम्हाला अडवत नाही. पण एक गोष्ट ऐका. आज मी डोंगराच्या पायथ्याशी दोरी बांधणार आहे. तिच्या वरच्या अंगाला एक कुदळसुद्धा मारायची नाही. वरची माती नुसती टेकून उभी आहे. पायथा पोखरला की बसेल खाली."

संध्याकाळी पिवळी दोरी बांधली गेली. एनिफानं जवळ येऊन पाहिलं. एवढे दिवस ती ज्या धोंड्याच्या खुणेवर डोळा ठेवून बसत होती, तो दोरीपलीकडं होता. तिचं घर दोरीपलीकडं होतं.

"तिथं पण काहीतरी बांध!" ती तावोंगाच्या अंगावर धावून गेली. "पायऱ्या बांध, बाकडं बांध, काहीही!"

"नाही."

"दोन हात पुढं सरकव दोरी."

"नाही, अमायी. तुमच्यासाठीसुद्धा नाही."

"तुला पोर आहे?"

"नाही."

"मग तुला काय कळणार!"

तावोंगाचा चेहरा पडला, पण दोरी तिथंच राहिली. ती रोज सकाळी येऊन आधी दोरीची गाठ तपासायची, मग बाकीचं काम.

नोव्हेंबर लागला. दुपारी डोंगरामागं काळे ढग जमायचे, गुरगुरायचे आणि न पडता पांगायचे. खांब उभे राहिले, चर तयार झाले, वाळू आली. खोदाई संपली. एनिफाच्या हाती कपाचा कान आणि परक्याची चप्पल. पावसाला सुरुवात झाली की वरचा चिखल पुन्हा खाली येणार आणि ती खूणसुद्धा बुजणार, हे तिला दिसत होतं.

रविवारी सगळी वस्ती चर्चमध्ये गेली. गाण्याचा आवाज खालून वर येत होता. एनिफानं कुदळ उचलली, दोरी वर धरली आणि वाकून पलीकडं गेली.

ती सरळ धोंड्याच्या कडेनं आत शिरू लागली. माती सैल होती, कुदळीसरशी ढेकळंच्या ढेकळं निघत होती. उताराच्या पोटात बघता बघता कमानीसारखी पोकळी झाली. ती घामानं न्हाली होती. मागं पावलं वाजली म्हणून तिनं वळून पाहिलं. चर्चमधून निसटलेली चार-पाच पोरं दोरीपाशी उभी होती. पुढं डालो, रविवारचा पांढरा फ्रॉक घातलेली.

"यान्खोला शोधतेस?" डालोनं विचारलं. ती आणि यान्खो एका चटईवर खेळलेल्या.

एनिफानं त्यांना हाकलायला हवं होतं. तोंडात शब्द आलाही. पण इतक्या दिवसांत यान्खोचं नाव असं साध्या आवाजात कुणीच घेतलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

"आम्ही पण शोधतो," असं म्हणत पोरं दोरीखालून आली. दोघं कुत्री झाली, भुंकत हुंगू लागली. डालो पाटी धरून उभी राहिली. आणि एनिफानं ती पाटी भरून दिली. एकदा, दोनदा, कितीदा तरी.

मग कुदळ टणकन वाजली. सिमेंट. लाल रंग दिलेलं सिमेंट. तिच्या घराचा उंबरा. तो रंग तिनं स्वतः दिला होता. एनिफाच्या हातातली कुदळ गळून पडली. तिनं दोन्ही हात उंबऱ्यावर ठेवले. इथून आत चटई. चटईवर...

"इथं काहीतरी आहे!" डालो तिच्या काखेखालून पोकळीत शिरली. "कापड आहे, बघ, मी ओढते—"

वरून एक खडा घरंगळत आला. एनिफानं मान वर केली तेवढ्यात उतार सुस्कारा टाकल्यासारखा खाली बसला.

धूळ होती. एनिफा पाठीवर फेकली गेली होती आणि तिचे पाय मांड्यांपर्यंत मातीत होते. पोकळी नव्हती. डालो नव्हती.

"डालो! डालो!" पाय उपसून ती किंचाळत माती ओरबाडू लागली, इथं, तिथं, जिथं हात पडेल तिथं. पोरं रडत होती. वरून माती अजून झिरपत होती.

तेवढ्यात त्या पोरांतल्या एका मुलीनं, चिसोमोनं, मूठ वर केली.

सगळी पोरं गप्प झाली. अशी गप्प झाली की खाली चर्चमधला एकेक सूर वेगळा ऐकू येऊ लागला. चिसोमो एनिफाकडं बघत होती, मूठ तशीच वर धरून. एनिफानं ओठ दातांखाली दाबले. श्वास रोखला. काही नाही. काही नाही. मग उजवीकडं, तिनं शोधलंच नव्हतं अशा ठिकाणी, मातीखालून मांजरीच्या पिलासारखा बारीक आवाज.

"तिथं!" पोरं ओरडली.

कुदळ वापरायची नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं हातांनी उकरलं. पोरं ओंजळींनी माती मागं फेकत होती. नखं उलटली, तिला कळलं नाही. केस लागले. कपाळ लागलं. तिनं डालोच्या तोंडातली माती बोटानं काढली, नाक पुसलं आणि तिच्या तोंडाशी कान नेला. पोर खोकली. मग एवढ्या जोरात रडली की खालचं गाणं थांबलं.

माणसं धावत आली तेव्हा डालोला छातीपर्यंत बाहेर काढलं होतं. गड्यांनी एनिफाला बाजूला करून बाकीचं काम केलं. डाव्या हाताचं हाड कोपराखाली मोडलं होतं, फ्रॉक रक्तानं नि मातीनं लाल झाला होता. फेलिस्टा सगळ्यात शेवटी पोचली. म्हाताऱ्या पायांनी तिला लवकर येऊ दिलं नाही. तिनं नातीला पाहिलं, मग खाली पडलेली कुदळ पाहिली, मग एनिफाला.

"तुझी गेली," ती म्हणाली, "म्हणून माझी घेऊन जात होतीस?"

एनिफानं मान खाली घातली. मारलं असतं तर सोसलं असतं. फेलिस्टानं मारलं नाही.

मंगळवारी आंब्याखाली पुन्हा सगळे जमले. तावोंगा एका बाजूला उभी होती. तिच्या वरिष्ठांचा फोन येऊन गेला होता. काम चालू असलेल्या जागी पोर जखमी झालं म्हणजे जागा बंद, आणि तीही घरी, असं बोलणं चाललं होतं. मफुमुंनी तिला विचारलं, "दोरी नीट बांधली होती का?"

तिनं तोंड उघडायच्या आत एनिफा उठली.

"दोरी नीट होती. तिनं मला सांगितलं होतं, पायथा पोखरलास तर डोंगर बसेल. मला कळत होतं. पोरं आली तेव्हा हाकलायचं मला कळत होतं. मी पाटी भरून दिली. या बाईचा काही दोष नाही. वस्तीतून काढायचं तर मला काढा, पण पोरांची जागा बंद करू नका."

मग मफुमु फेलिस्टाकडं वळले. "अगोगो, नात तुझी. तू सांग."

फेलिस्टा एनिफाकडं न बघता म्हणाली, "तिला काढून ती जाणार कुठं? तिचं सगळं इथंच आहे. जागा पुरी करा. तो खड्डा बुजवा. मात्र तो तिनं बुजवायचा."

त्या आठवड्यात एनिफानं केलं ते काम तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. पायथ्याला धरून ठेवायला तावोंगानं दगडांनी भरलेल्या टायरांची भिंत आखली होती. ती थेट उंबऱ्यावरून जात होती. डालोनं पाहिलेलं ते कापड आत कुठंतरी होतं. ते चितेन्जे असेल, पडद्याची चिंधी असेल, दुसऱ्या कुणाचं काही असेल. आता ते बघायला कुणी आत जाणार नव्हतं. एनिफा दगड वाहून आणायची, टायरात बसवायची, हातोड्यानं ठोकून घट्ट करायची. उंबऱ्यावरचं पहिलं टायर बसवायची वेळ आली तेव्हा तिचे हात चालेनात. तावोंगा येऊन तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसली.

"मी बसवू, अमायी?"

"नको." मग थोड्या वेळानं, "जरा इथंच थांब."

तावोंगा थांबली. टायर बसलं. एनिफानं त्यात एकेक दगड असा अलगद ठेवला, जसं काही झोपलेल्याच्या उशाशी ठेवतेय. नंतर ती ढसाढसा रडली, सगळ्यांसमोर, वादळानंतर पहिल्यांदा. गडीमाणसं पाठ करून उभी राहिली आणि कुणीही तिला गप्प केलं नाही.

पाऊस आला तेव्हा भिंत पुरी झाली होती. पहिल्या मोठ्या सरीत अख्खी वस्ती दारात उभी राहून डोंगराकडं बघत होती. पाणी चरांतून लाल होऊन धावलं, वरून थोडी माती सुटली, टायरांपाशी येऊन अडली. भिंत हलली नाही. दुसऱ्या दिवशी पोरांनी मैदान ताब्यात घेतलं.

वरिष्ठांनी तावोंगाला ठेवलं, पण एक अट घातली. पावसाळ्यात डोंगरावर नजर ठेवणारं माणूस हवं. मफुमुंनी एनिफाला विचारलं. ती आता त्या भिंतीपाशीच दगड फोडते, गळ्यात शिट्टी बांधून. डोंगरावर ढग काळे झाले की शिट्टी वाजते आणि झोपाळ्यावरची पोरं कुरकुरत घरी पळतात. "आली दरडीची आई!" असं तिला चिडवतात. तीही सोडत नाही. "पळ रे, नाहीतर तुझ्याच ढुंगणावर दरड पाडीन!" शोधाशोधीचा खेळ अजून चालतो, आता वाळूत. तो दिसला की एनिफा कामाला लागते, पण मूठ वर गेली की तिचाही हातोडा थांबतो.

फेलिस्टा मात्र बरेच दिवस तिच्याशी बोलत नव्हती. नळावर समोरासमोर आल्या तरी म्हातारी आपली बादली उचलून बाजूला व्हायची. डालोला मैदानात पाठवत नव्हती. प्लास्टर निघालं, हात थोडा वाकडाच जुळला. मग एका दुपारी डालो एकटीच आली. फेलिस्टाचं दार मैदानाच्या अगदी समोर. म्हातारी दारात मका सोलत बसली होती.

डालो झोपाळ्यावर बसली. चांगल्या हातानं साखळी धरली, वाकड्या हाताची बोटं जेमतेम साखळीभोवती आली. पाय जमिनीला पुरेनात.

"ढकल ना," ती म्हणाली.

एनिफानं दाराकडं पाहिलं. फेलिस्टाचे हात थांबले होते.

"अगोगोला विचारलंस?"

"तू ढकल ना!"

एनिफा उठली. तिनं तळवा पोरीच्या पाठीला लावला, इतका हलका की झोपाळा मुंगीएवढा हलला.

"एवढंसं काय? जोरात!"

तिनं थोडं जोरात ढकललं. झोपाळा पुढं गेला, मागं आला, पाठ पुन्हा तळव्याला लागली, गरम, घामेजलेली.

"अजून!"

दारातून हाक येईल म्हणून एनिफा थांबून राहिली. फेलिस्टा बघत होती. तिनं हाक मारली नाही. थोड्या वेळानं तिनं पुढचं कणीस उचललं.

एनिफानं पुन्हा ढकललं.